साप्पादाची दुपार: ग्रेगारिओ नेमका कोणाचा?

६ जून १९८७. जिरो दि इतालिया ही इटलीची अनेक टप्प्यांची सायकल शर्यत; लिदो दि येझोलोहून साप्पादाकडे जाणारा तिचा पंधरावा टप्पा, २२४ किलोमीटर. फोर्चेला दि मोंते रेस्त या घाटाच्या उतारावर कारेरा संघाचा आयरिश खेळाडू स्टीफन रोश पुढे निसटला. एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची गुलाबी जर्सी होती रॉबेर्तो व्हिझेंतिनीच्या अंगावर, आणि तोही कारेराचाच. थोड्या वेळाने कारेराचेच खेळाडू रांगेने जथ्याच्या पुढे आले आणि जीव तोडून पेडल मारू लागले. पाठलाग आपल्याच माणसाचा चालला होता.

प्रकरण अभ्यासात नावं झाकायचा रिवाज आहे. इथे ते जमण्यासारखं नाही, कारण निकाल जगजाहीर आहे आणि मुख्य पात्रं लगेच ओळखू येतात. पाठलागाला जुंपलेल्यांची नावं मात्र मुद्दाम घेत नाही. त्यांनी सांगितलेलं काम केलं. हे टिपण त्यांच्यासाठी आहे, कारण या गोष्टीत बोलबाला नेहमी दोन कप्तानांचाच होतो.

आधी शब्द

कप्तानासाठी राबणाऱ्या खेळाडूला इटालियनमध्ये ग्रेगारिओ म्हणतात. मूळ लॅटिन ‘ग्रेक्स’, म्हणजे कळप. रोमन सैन्यात साध्या शिपायाला याच शब्दाने ओळखत. फ्रेंचांचा शब्द ‘दोमेस्तिक’, म्हणजे सरळ घरगडी. इटालियन शब्दात निदान सैन्याचा वास आहे, म्हणून मला तो बरा वाटतो. आपल्याकडचं जवळचं नाव शोधायचं तर मी बारगीर म्हणेन. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगीर सरकारी घोड्यावर बसणारा. ग्रेगारिओची सायकल संघाची, पगार संघाचा, आणि शर्यत दुसऱ्याची.

काम काय? मागे गाडीपर्यंत जायचं, जर्सीत पाण्याच्या बाटल्या कोंबायच्या, पुन्हा जोर लावून जथा गाठायचा आणि त्या वाटायच्या. कप्तानाचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं आणि रस्त्याकडेला गाडीची वाट बघत उभं राहायचं. सगळ्यात मोठं काम वाऱ्याचं. पुढच्याच्या मागे चिकटून चालणाऱ्याची सपाटीवर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ताकद वाचते. ती वाचते, कारण पुढचा ती खर्च करत असतो. दिवसभर असा वारा अंगावर घेतला की शेवटच्या चढाईला ग्रेगारिओ रिकामा होऊन मागे पडतो. त्याचं काम तिथे संपतं.

या धंद्यातली निष्ठा कळायला १९५२ ची टूर द फ्रान्स आठवावी. आंद्रेआ कारेआ हा फाउस्तो कोप्पीचा ग्रेगारिओ, बुखेनवाल्डच्या छळछावणीतून वाचून आलेला माणूस. लोझानच्या टप्प्यात तो पळालेल्या टोळीवर नजर ठेवायला म्हणून तिच्यात शिरला. टोळी इतकी पुढे गेली की पिवळी, म्हणजे टूरमध्ये आघाडीवर असलेल्याची, जर्सी त्याच्याच अंगावर आली. तो रडला. आनंदाने नव्हे. कोप्पीची जर्सी आपण घातली, आता तो काय म्हणेल, या धास्तीने. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझवर कोप्पीने ती जर्सी मिळवली आणि कारेआचा जीव भांड्यात पडला.

फुटबॉलमध्येही हा शब्द गेला, पण जाताना बदलला. तिथे ग्रेगारिओ म्हणजे स्वतः न चमकता दुसऱ्याच्या वाट्याचं धावणारा, बहुतेकदा मधल्या फळीतला. मिलानमध्ये जान्नी रिव्हेराच्या पायांत जादू होती, आणि त्याच्यासाठी धावणं जोव्हान्नी लोदेत्तीच्या पायांत. एरिक काँतोनाने दिदिए देशांला ‘पाणक्या’ म्हटलं होतं. टोमणाच तो. पुढे त्या पाणक्याने १९९८ मध्ये कप्तान म्हणून आणि २०१८ मध्ये प्रशिक्षक म्हणून विश्वचषक उचलला.

फरक असा की फुटबॉलमध्ये ग्रेगारिओ हे विशेषण आहे. पत्रकार ते लावतात, कधी कौतुकाने, कधी हिणवून. लोदेत्ती कितीही रिव्हेरासाठी धावला तरी गोल मिलानच्या नावावर लागायचा. सायकलिंगमध्ये ती नेमणूक आहे, आणि नेमणुकीत ‘कोणासाठी’ हा रकाना भरावाच लागतो. कारेराने तो कोरा ठेवला.

पार्श्वभूमी

कारेरा ही व्हेरोनाजवळची जीन्स बनवणारी कंपनी. संघाची सूत्रं दाविदे बोइफावाकडे, हुद्दा दिरेत्तोरे स्पोर्तीव्हो. (हाही दुहेरी शब्द. फुटबॉल क्लबात याच हुद्द्याचा माणूस खेळाडूंची खरेदी-विक्री बघतो आणि सामन्याचे डावपेच प्रशिक्षकावर सोडतो. सायकलिंगमध्ये तो संघाच्या गाडीतून शर्यतीमागे फिरतो आणि डावपेच तोच ठरवतो.)

व्हिझेंतिनी १९८६ च्या जिरोचा विजेता, गार्दोने रिव्हिएराचा. घर पैसेवालं, वडिलांचा अंत्यविधीच्या व्यवस्थेचा व्यवसाय. रोश डब्लिनचा. १९८५ च्या टूरमध्ये तिसरा आलेला, पुढचा हंगाम गुडघ्याच्या दुखण्यात गेलेला, आणि १९८७ च्या वसंतात पुन्हा ऐन भरात. जिरोच्या तोंडावर त्याने टूर द रोमांदी जिंकली होती.

म्हणजे एक गतविजेता आणि एक फॉर्मातला. शर्यत इटलीची, पैसा इटलीचा. कप्तान कोण, हे कोणीच उघड सांगितलं नाही. रस्ता ठरवेल, असं म्हणायची सायकलिंगमध्ये पद्धत आहे, आणि ती ऐकायला फार शहाणपणाची वाटते.

सुरुवातीला रस्त्याचा कौल रोशकडे होता. सांघिक टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाविरुद्धची शर्यत, कारेराने जिंकली आणि गुलाबी जर्सी त्याच्याकडे आली. ती त्याने दहा दिवस सांभाळली. मग रिमिनी ते सान मारिनो ही ४६ किलोमीटरची वैयक्तिक टाइम ट्रायल झाली. व्हिझेंतिनी जिंकला, रोशने पावणेतीन मिनिटं घालवली. जर्सी हलली. व्हिझेंतिनी २ मिनिटं ४२ सेकंदांनी पुढे.

अडचण

इटालियन पत्रकारांच्या लेखी प्रश्न सुटला होता: रस्त्याने ठरवलं, आता रोशने ग्रेगारिओ व्हावं. रोशच्या डोक्यात हिशेब वेगळा होता. आज मी याच्यासाठी राबलो तर जुलैत टूरमध्ये हा माझ्यासाठी राबेल का? रोशच्या सांगण्यानुसार, जुलैत आपण मदतीला येणार नाही हे व्हिझेंतिनीने लपवलंही नव्हतं. आणि हा बिनबुडाचा संशय नव्हता. आदल्याच वर्षी बेर्नार इनोने ग्रेग लेमाँडला मदत करायचा जाहीर शब्द दिला होता आणि टूरमध्ये त्याच्यावरच हल्ले केले होते. ते सगळ्या जथ्याने पाहिलं होतं.

पण ही कप्तानांची अडचण झाली. बाकीच्यांची मला जास्त बिकट वाटते. दहा दिवस ते रोशच्या जर्सीसाठी जथ्यापुढे वारा खात होते. सान मारिनोनंतर तेच पाय व्हिझेंतिनीसाठी चालवायचे. एवढ्याने बिघडत नाही, सेनापती बदलला की बारगिराने नव्या निशाणामागे जायचं. पण मग जुन्या सेनापतीचं स्थान काय? तो आता आपल्यातला एक, की अजून अर्धा कप्तान? हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पर्याय

सान मारिनोच्या रात्री बोइफावासमोर, माझ्या मते, तीन वाटा होत्या.

पहिली: व्हिझेंतिनी कप्तान असं सगळ्यांसमोर सांगायचं आणि त्याच बैठकीत रोशच्या पदरात काहीतरी घालायचं, म्हणजे जुलैतल्या टूरचा करार, साक्षीदारांसह. यात व्हिझेंतिनीला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तो ‘नाही’ म्हणण्याचा धोका होता. तरी मी हीच वाट धरली असती. तो ‘नाही’ म्हणाला असता तर ते मोंते रेस्तच्या उतारापेक्षा हॉटेलच्या खोलीत कळलेलं बरं.

दुसरी: दोघेही मोकळे, पण एक नियम. आपल्याचा पाठलाग आपण करायचा नाही. रोश पुढे गेला तर पाठलागाचा खर्च दुसऱ्या संघांनी करावा, व्हिझेंतिनीने त्यांच्या मागे आरामात बसावं. डावपेच म्हणून ही जुनी आणि भक्कम चाल आहे. दोन जण पहिल्या दोनांत असणं हे संकट नसून भांडवल आहे, फक्त ते तसं वापरता आलं पाहिजे.

तिसरी: काहीच न सांगणं. तीच निवडली गेली, किंवा निवड न झाल्यामुळे तीच उरली.

फुटबॉलला अशा वेळी चौथी सोय असते. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात इटलीच्या फेर्रुच्चो व्हाल्कारेज्जींपुढे हाच पेच होता. सांद्रो माझ्झोला की रिव्हेरा? त्यांनी ‘स्ताफेत्ता’ काढली, म्हणजे रिले: पहिल्या अर्धात माझ्झोला, दुसऱ्यात रिव्हेरा. उपान्त्यपूर्व आणि उपान्त्य फेरीत ते चाललं. अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्ध रिव्हेराला शेवटची सहा मिनिटं दिली, तोवर सामना हातातून गेला होता. त्यावर इटलीत अजून भांडणं होतात. पण त्या गोष्टीची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. स्पर्धेआधी इटलीचा आघाडीवीर आनास्तासी जखमी झाला, त्याच्या जागी एकाऐवजी दोन आघाडीवीर बोलावले गेले, आणि एक माणूस जास्त झाला. वगळला कोणाला? रिव्हेरासाठी धावणाऱ्या लोदेत्तीला. दोन ताऱ्यांची सोय लावताना बिल कोणाच्या नावावर फाटतं, ते इथे दिसतं.

सायकलिंगमध्ये बदली खेळाडू नाही आणि मध्यंतरही नाही. कोप्पी आणि त्याचा इटालियन प्रतिस्पर्धी बार्ताली १९४८ च्या जागतिक स्पर्धेत, व्हाल्केनबुर्गला, एकमेकांचा फायदा होऊ नये म्हणून नुसते एकमेकांवर नजर ठेवून राहिले आणि शेवटी दोघांनीही शर्यत सोडली. इटालियन महासंघाने त्यांना निलंबित केलं. बोइफावाला हे ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. इटलीत ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

प्रत्यक्षात काय झालं

उतारावर रोश निसटला तेव्हा सोबत दोघे होते, एन्नियो साल्व्हादोर आणि झाँ-क्लोद बागो. हा ठरवून केलेला हल्ला होता की उतार आवडणारा माणूस नुसता वाहवत गेला, यावर रोशने पुढे बरंच सांगितलं आहे. मला त्यात फार रस नाही. तो थांबला नाही, एवढं पुरे.

खरा निर्णयाचा क्षण त्यानंतरचा आहे. त्या काळी कानात रेडिओ नव्हते. आदेश द्यायचा तर गाडी अरुंद डोंगरी रस्त्याने पुढे काढून, काच खाली करून, ओरडून द्यायचा. कारेराची गाडी रोशजवळ आली आणि त्याला थांबायला सांगण्यात आलं. त्याच्या आठवणीनुसार त्याने उलट सांगितलं, की मागे आपली पोरं पाठलाग करत असतील तर आधी त्यांना थांबवा. आपण पुढे आहोत, दमायचं ते दुसऱ्यांनी.

डावपेचाच्या दृष्टीने तो बरोबर बोलत होता, आणि शिस्तीच्या दृष्टीने सरळसरळ बंड करत होता. दोन्ही एकाच वाक्यात. ही अडचण ‘दोष कोणाचा’ असं विचारून सुटत नाही.

बोइफावाने पाठलाग चालू ठेवला. गुलाबी जर्सीचे ग्रेगारिओ जथ्यापुढे आले, आणि इतर संघांचे कप्तान त्यांच्या मागे फुकटात वाऱ्याआड बसले. ते का बोलतील? कारेरा कारेराला खात होती. रोशची आघाडी विरघळली खरी, पण त्या पाठलागात ग्रेगारिओंच्या पायातलं सगळं निघून गेलं. पुन्हा हल्ला झाला तेव्हा रोश त्यात होता आणि व्हिझेंतिनी मागे, ज्यांनी त्याला वर न्यायचं ते दमून भागलेले. शेवटच्या चढाईवर तो कोसळला. साप्पादाला पोचला तेव्हा सहा मिनिटांहून जास्त वेळ गमावून बसला होता. टप्पा योहान फान डर फेल्डेने जिंकला. गुलाबी जर्सी रोशकडे, दुसऱ्या संघाच्या तोनी रोमिंगरपेक्षा फक्त ५ सेकंद पुढे.

ग्रेगारिओंपैकी एकाच माणसाने आदेश मानला नाही: बेल्जियमचा एडी शेपर्स. तो पाठलागात उतरला नाही. त्याच्यासाठी ‘कोणासाठी’चा रकाना भरलेला होता, फक्त तो संघाने भरलेला नव्हता. शेपर्स रोशचा माणूस होता. पगार कारेराचा घेऊन त्याने रोशला धरलं. चूक की बरोबर? नोकरी म्हणून पाहिलं तर चूक. ग्रेगारिओ या शब्दाच्या जुन्या, कारेआच्या अर्थाने पाहिलं तर तोच एक जण कामावर होता.

त्या संध्याकाळी व्हिझेंतिनीने रागाच्या भरात सांगून टाकलं की आज रात्री कोणीतरी घरी जाणार आहे. कोणी गेलं नाही. गुलाबी जर्सीवाल्याला घरी पाठवणारा प्रायोजक अजून जन्माला यायचाय. रोशला पुढे खेळू दिलं.

दुसऱ्या दिवशी मार्मोलादाची चढण होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तिफोसी. समर्थकांसाठीचा हा इटालियन शब्द ‘तिफो’वरून आला, आणि तिफो म्हणजे विषमज्वर. त्या दिवशी ताप चढलेलाच होता. लोक तोंडात वाईन आणि तांदूळ भरून आपल्यावर थुंकत होते, असं रोशने सांगितलं आहे. त्याच्या एका बाजूला शेपर्स होता. दुसऱ्या बाजूला त्या वेळी रॉबर्ट मिलर या नावाने शर्यतीत उतरणारी, आजची फिलिपा यॉर्क, म्हणजे पॅनासॉनिक या प्रतिस्पर्धी संघातली स्पर्धक. आपल्या संघाने न दिलेली भिंत शेजाऱ्याने दिली.

निकाल

रोश जिरो जिंकला, दुसऱ्या आलेल्या मिलरपेक्षा ३ मिनिटं ४० सेकंदांनी पुढे. शेवटची टाइम ट्रायलही त्याचीच. व्हिझेंतिनी शेवटच्या आदल्या दिवशी पडला, मनगट मोडलं, शर्यत सुटली. जुलैत तो टूरला नव्हताच, त्यामुळे तेव्हा मदत करणार की नाही या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ त्याच्यावर आली नाही. रोशने टूर जिंकली, पेद्रो देल्गादोपेक्षा ४० सेकंदांनी, आणि सप्टेंबरमध्ये फिलाखला जागतिक विजेतेपद. एकाच वर्षी हे तिन्ही त्याच्याआधी फक्त एडी मर्क्सला जमलं होतं, १९७४ मध्ये. पुरुषांत त्यानंतर थेट २०२४ मध्ये तादेय पोगाचारला.

कारेराच्या जाहिरातीच्या दृष्टीने असं वर्ष पुन्हा मिळणं अवघड. संघ म्हणून मात्र खाली काही उरलं नाही. १९८८ मध्ये रोश फागोर संघात गेला, शेपर्सला सोबत घेऊन. मिलरही त्याच संघात. व्हिझेंतिनीने पुन्हा कधी मोठी शर्यत जिंकली नाही. पुढे खेळ सोडून वडिलांचा व्यवसाय सांभाळला.

वेगळं काय करता आलं असतं

रोशने थांबायला हवं होतं का? हा प्रश्न वर्षानुवर्षं चघळला गेलाय. त्याने थांबून जुलैत काय मिळवलं असतं, याची हमी कोणाकडेच नव्हती. हमी न देता त्याग मागणं ही चूक सान मारिनोच्या रात्रीची, उतारावरची नव्हे.

उतारावर बोइफावाच्या हाती अजून एक गोष्ट होती: पाठलाग थांबवणं. रोश पुढेच राहिला असता, बाकीच्या संघांना कधी ना कधी काम करावं लागलं असतं, आणि व्हिझेंतिनी ताज्या सहकाऱ्यांसह शेवटच्या चढाईला लागला असता. कदाचित जर्सीही वाचली असती. कदाचित नसतीही. त्या चढाईवर तो एकटा पडल्यामुळे कोसळला की त्याचा दिवसच नव्हता, हे आता सांगता येणार नाही. पण ते न केल्याने दोन्ही कप्तान एकाच वेळी अडचणीत आले, हे मात्र दिसतं. बोइफावाची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. गाडीत बसलेल्या माणसाला पुढचं चित्र तुटक दिसतं. रेडिओ नाही, आणि कप्तानाचा संताप थेट त्याच्या खिडकीशी. आदेश न मानणाऱ्याला शिक्षा झाली नाही तर उद्या कोण ऐकेल, हाही विचार आला असेल.

ग्रेगारिओंना काही वेगळं करता आलं असतं का? मी यावर बरंच थांबलो. विचारता आलं असतं. सान मारिनोच्या रात्री जेवणाच्या टेबलावर एकाने जरी विचारलं असतं, की उद्या रोश पुढे गेला तर आम्ही काय करायचं, तर बोइफावाला उत्तर द्यावं लागलं असतं. पण ग्रेगारिओ विचारत नाहीत. शर्यत झाली की ते मालिश करून घेतात, जेवतात, झोपतात, सकाळी कोणाच्या पुढे राहायचं ते ऐकतात. त्या जिरोत त्यांनी एकाच गुलाबी जर्सीसाठी तीनदा वारा खाल्ला: आधी रोशची राखायला, मग व्हिझेंतिनीसाठी रोशला पकडायला, आणि साप्पादानंतर, संघाने पुन्हा बाजू बदलल्यावर, ज्याच्यामागे लागले होते त्या रोशचीच राखायला.